भेगा पडू नयेत म्हणून

सोनपेठ
१२ जून २०२४

चि. ईश्वरी,

तुझी तब्येत कशी आहे? बाळंतपणानंतर कंबर धरते, ती धरू देऊ नकोस, शेक घेत जा. सिद्धोधनराव बरे आहेत ना? त्यांना नाव घेऊन विचारायची ही माझी पहिलीच वेळ. लिहिताना पेन जरा थांबला, पण विचारलं. त्यांच्या आईंचं कसं आहे, गुडघे दुखतात का माझ्यासारखे? आणि लेकरू? दिनकरराव मास्तर जालन्याला गेले तेव्हा तुझ्या दारात पाच मिनिटं बसून आले, तुझा पत्ता त्यांनीच दिला. म्हणाले, घरात लेकरू रांगत होतं. मुलगा का मुलगी, ते काही विचारलं नाही त्यांनी. पुरुष माणसाला कुठं काय विचारावं कळत नाही. जे असेल ते सुखी असो. दात येताना पोट बिघडतं, तेवढं सांभाळ.

इकडं माझी शुगर वरखाली असते. तुझी वहिनी महेश्वरी ठीक आहे, तिला ॲसिडिटीचा त्रास. शंभुराज सातवीत गेला, त्याला चष्मा लागला. तुझ्या मंगेशदादाचं मी काही लिहीत नाही, तुला आवडायचं नाही.

तू फोन घेत नाहीस म्हणून हा कागद. राग काढायला नाही लिहीत, काम आहे. तू परभणीला शेतकी शिकलीस, आता रोपवाटिकेत कामाला आहेस. मी चौथी शिकलेली. दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून अन् रेडिओ ऐकून जेवढं कळलं तेवढंच. म्हणून विचारते.

परसात कडुनिंबाच्या पश्चिमेला जागा आहे ना, तिथं या उन्हाळ्यात भेगा पडल्या. काळी माती, तिला नवीन काय? पण एक भेग एवढी मोठी पडली की माझा हात मनगटापर्यंत आत गेला. कुठली जागा ते तुला कळलं. सिद्धोधनरावांना माहीत नसेल तर सांग, आपल्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. हातात इष्टलिंग असतं, भोवती बेलपानं आणि विभूती. तुझे बाबा तिथं बसलेत. बावीस सालच्या मे महिन्यात बसवले तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावरची जमीन उलते, आणि मला जेवण जात नाही. बादल्या ओतून बघितल्या. आज ओतलं की उद्या पुन्हा तसंच.

भावकीचं म्हणणं, आणि ताडकळसच्या आप्पाकाकांचं विशेष, की सिमेंटचा चौथरा बांधा, वर फरशी बसवा, म्हणजे भेगांची कटकट मिटली. तुझ्या बाबांना फरशी कधी सोसली? दुकानात खुर्ची असून पोत्यावर बसायचे. मला तिथं जमिनीला धरून पसरणारं काहीतरी लावायचंय. दर साली नव्यानं लावावं लागू नये, उन्हाळ्यात जळू नये, आणि माझ्यामागं कुणी बघितलं नाही तरी राहावं. तिथं काय लावू, एवढंच कळव.

त्या दिवसाबद्दल काही लिहीत नाही. तू फाटकातूनच परत गेलीस ते मी पाहिलं.

तुझी आई
उमादेवी


सोनपेठ
४ ऑगस्ट २०२४

चि. ईश्वरी,

सगळे बरे असाल. इकडंही तसंच.

तुझं कार्ड आलं. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. अक्षर मात्र तुझंच, ट अजून तसाच पोट फुगवून काढतेस. हरळी लावू नका, पिवळ्या फुलांची वेल तर मुळीच नको, उन्हात जलपिंपळी आणि विष्णुक्रांता, झाडाच्या सावलीत पानओवा, काड्या वीतभर अंतरावर. एवढंच लिहिलंयस. मी ते देवघराच्या फळीवर ठेवलंय.

हे कार्ड वीस दिवस आधी आलं असतं तर बरं होतं. शेजारच्या सरजाबाईनं तोवर पिवळ्या फुलांची वेल आणून दिली होती. म्हणाली, "अक्का, लावा अन् इसरून जा, सा महिन्यात हिरवंगार." मी लावली. तिनं सहा महिने कशाला घ्यावेत? पंधरा दिवसांत तुळशीच्या गळ्यात पडली, तिथून मोगऱ्यावर. रोज सकाळी बघावं तर हात-हात पुढं सरकलेली. तुझं कार्ड वाचलं आणि उपटायला बसले. उपटताना कांड्याकांड्याला मुळं. सरजाबाई कुंपणावरून बघत होती.

"अवो, मी दिल्याली वेल का उपटायलात?"

"ईश्वरीनं नको सांगितलंय."

ती कुंपणाला टेकली. मग म्हणाली, "पोरगी बोलायलीय का तुमच्यासंग?"

"वेलीपुरतं बोलतेय," मी म्हणाले.

"मंग उपटा. माझ्याकडची बी उपटून टाकते."

आता तिथं जलपिंपळी लावली. गोदाकाठी ओल असते तिथं ती आपसूक पसरलेली असते, माणसं तिच्यावरून चालत जातात आणि नावही घेत नाहीत. दोन पोती भरून आली. कोणी आणली ते विचारू नकोस. आधी जमीन कुदळीनं भुसभुशीत केली, हरळीची मुळं हातानं वेचली, त्यातच चार दिवस गेले, हरळीची एक काडी राहिली तरी ती पुन्हा घर करते. मग बोटभर काड्या, वीतभर अंतरावर, दोन पेरं मातीत आणि एक वर. कडुनिंबाखाली पानओवा. विष्णुक्रांता आपल्या जुन्या शेताच्या बांधावर सापडली, मुळासकट मातीचा गड्डा उचलून आणला. तिला निळी फुलं येतात, शर्टाच्या बटणाएवढी.

एवढं वाकून पाठ गेली कामातून. पण बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी सांगितल्याप्रमाणं केलं.

लावल्यावर तण किती दिवस काढावं लागतं ते लिही. आणि लेकराचं नाव लिही.

आई


सोनपेठ
१७ नोव्हेंबर २०२४

चि. ईश्वरी,

सुजाता. नाव चांगलं आहे. मी दोनतीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. महेश्वरीनं आतून विचारलं, कोण आलंय. मी सांगितलं, कोणी नाही. पण तिच्या लक्षात आलं असावं, कारण संध्याकाळी तिनं शंभूचं लहानपणीचं झबलं धुऊन घडी घालून माझ्या उशाशी ठेवलं. पाठवू का?

तण पहिल्या पावसाळ्यात दर आठ दिवसांनी, पुढच्या साली दोनदा, नंतर वेल स्वतःच दुसऱ्याला उगवू देत नाही, असं तू लिहिलंस. अगदी तसंच होतंय. दिवाळीपर्यंत काड्या एकमेकींना भिडल्या. आता वरून बघितलं तर माती दिसत नाही. जलपिंपळीला पांढरी बारकी फुलं आलीत, मधमाश्या सारख्या घोंघावतात. दुपारी चारला तिथं पाट टाकून बसलं की तळपाय गार राहतात. घरात पंख्याखाली एवढं शांत वाटत नाही. वाऱ्याला पानओव्याचा वास येतो. मी काही बोलत नाही तिथं, यांच्याशीसुद्धा नाही. नुसती बसते. चाळीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत बसले, तेव्हाही फार कुठं बोलत होतो आम्ही?

तुझ्या कार्डावर शेवटी एक ओळ होती. "दादानं तिथं हात लावलेला मला चालणार नाही. बाबांना त्यानं माझ्या हातची माती मिळू दिली नाही." वाचली. त्यावर आज काही लिहीत नाही. मी थकलेय ईश्वरी, आणि काही गोष्टी लिहायला माणूस ताजातवाना लागतो.

दिवाळीनंतर आप्पाकाका आले होते, गवंड्याला बरोबर घेऊन, चौथऱ्याचं माप घ्यायला. पुढच्या मेमध्ये तीन वर्षं होतील, त्याआधी बांधून घ्या म्हणाले. परसात येऊन उभे राहिले, चप्पल न काढता.

"वैनी, लोकं हसायलेत. बसवंतरावासारखा माणूस मातीत अन् वर गवत?"

मंगेश मागं उभा होता. म्हणाला, "गवत न्हाई काका, जलपिंपळी हाय."

"पिंपळ ऱ्हाऊ दे न्हाई तर वड. समाधीला दगड लागतो का न्हाई?"

"आत्ता न्हाई लागत."

"मंग कवा लागल?"

मंगेशनं कारण सांगितलं. आप्पाकाका गवंड्याला घेऊन चहा न पिता गेले. त्यानं काय सांगितलं ते आज नको. पुढं कधी.

झबल्याचं कळव.

आई


सोनपेठ
२३ फेब्रुवारी २०२५

चि. ईश्वरी,

सुजाताला सर्दी होती, ती गेली का? सिद्धोधनरावांची रात्रपाळी बंद झाली का? त्यांच्या आईंच्या गुडघ्यांना मी सांगितलेलं तेल लावलं का?

आज बरी बातमी नाही. तुझी कार्डं देवघराच्या फळीवर होती. महाशिवरात्र आली म्हणून मंगेश फळी पुसायला चढला आणि ती त्याच्या हाती लागली. त्यानं वाचली. सगळी. मी स्वयंपाकघरातून बघत होते. वाचून झाल्यावर जशी होती तशी रचून ठेवली, वरचं कार्ड वर, खालचं खाली.

मग तो परसात गेला. रोज संध्याकाळी पाणी तोच घालायचा. हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. गोदाकाठाहून दोन पोती जलपिंपळी त्यानंच मोटारसायकलवर आणली होती, हरळीची मुळं वेचायला चार दिवस माझ्याबरोबर उकिडवा बसला होता तोच. माझ्या एकटीच्यानं यातलं काय होणार होतं? त्यानं नळ बंद केला, पाइप गुंडाळून भिंतीच्या खिळ्याला अडकवला, हात धुतले.

"पाणी का बंद केलंस?" मी विचारलं.

"तिला चालत न्हाई ना. मंग ऱ्हाऊ दे."

"अरे, वाळंल ते."

"मी हात न्हाई लावत, आई. दुसरं कोणी घालत असंल तर घालू दे."

महेश्वरीला पाइप ओढायला सांगितलं तर ती म्हणते, ते घालत नसतील तर मीही नाही घालणार. शंभूची परीक्षा. मी दोन दिवस तांब्यातांब्यानं घातलं. पाण्याची बादली उचलली की गुडघ्यात कळ येते, अर्ध्या वाटेवर ठेवावी लागते. विष्णुक्रांता कडेनं करपायला लागलीय. जलपिंपळी अजून धरून आहे, तिची मुळं पेरापेराला असतात. पण ऊन आता कुठं सुरू झालंय.

त्याच्यावर रागावू नकोस, असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला अधिकार नाही. का नाही ते लिहायला बसेन. आज नाही होत.

आई


सोनपेठ
९ मार्च २०२५

चि. ईश्वरी,

आज कुणाची तब्येत विचारत नाही. आधी हे लिहून होऊ दे, नाहीतर पुन्हा पानओव्यावरच चार ओळी लिहून पाकीट चिकटवीन.

तुझे बाबा पहाटे गेले. तुला फोन मंगेशनंच केला होता, हे तुला माहीत आहे. तू निघालीस. दुपारी खड्डा तयार झाला, मंगेश आंघोळ करून ओल्या धोतरानं क्रियेला बसला, आणि त्याचा फोन त्यानं माझ्या मांडीवर ठेवला. आप्पाकाका आणि भावकीतले चौघं कडुनिंबाखाली बसले होते. ते मला ऐकू जाईल असं बोलत होते. "पोरगी येऊ दे, आमचं काही न्हाई. पण परजातीचा जावई तिथं आला तर आमी माती न देता उठून जाऊ." कडक ऊन होतं. क्रिया सांगणारे स्वामी घड्याळ बघत होते.

तेव्हा तो फोन वाजला, मेसेज आल्याचा. पडद्यावर तुझं नाव. माझं बोट लागलं आणि तो उघडला. "दादा, पाथरीत आहे. आम्ही दोघं येतोय. तासाभरात पोचते, थांबा."

मी वाचला. फोन सतरंजीखाली सरकवला.

आप्पाकाकांनी विचारलं, "वैनी, पोरीचं काय?"

मी म्हणाले, "तिची काही खबर नाही. चालू द्या."

हे मी म्हणाले, ईश्वरी. मंगेशनं तो मेसेज पाहिलाच नव्हता. त्याच्या हातात तेव्हा बेलपानं होती.

मला वाटलं, माणसं उठून गेली तर हे अर्ध्यातच राहतील, खड्ड्यात बसलेले, वरून ऊन. तेव्हा तेच एक डोळ्यांपुढं होतं. कारण म्हणून सांगत नाही. तासभर म्हणजे काय मोठं होतं? मी स्वामींना थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते. आप्पाकाका उठले असते तर उठू द्यायचे होते, माती द्यायला सरजाबाईसुद्धा आली असती. हे सगळं मला संध्याकाळीच सुचलं. तेव्हा मी फक्त लोकांच्या तोंडाकडं बघितलं. आणि यांनी तुझ्या लग्नात कितीही आदळआपट केली असली तरी शेवटच्या महिन्यात दोनदा विचारलं होतं, ईशी कधी येणार. तेही मी तुला कळवलं नाही. म्हटलं, बरे झाले की सांगू.

तू आलीस तेव्हा मातीची शेवटची पाटी पडली होती. तू फाटकात उभी राहून मंगेशला म्हणालीस, "तू वाचलास ना मेसेज? मला खूण आली वाचल्याची. वाचून थांबला न्हाईस." त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग मान खाली घातली आणि तू बोललीस ते सगळं ऐकून घेतलं. सिद्धोधनराव बाहेर रस्त्यावर उभे होते, त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

परवा सकाळी मी मंगेशला परसात बोलावलं. पाटावर बसवलं. सांगितलं, "मंगेश, तो मेसेज मी वाचला होता."

"माहीत हाय."

"कधीपासून?"

"तवाच कळलं. फोन तुझ्यापाशीच व्हता."

"मग तीन वर्षं बोलला का नाहीस?"

तो जरा वेळ तिथल्या वाळल्या काड्या मोडत बसला. मग म्हणाला, "बोललो असतो तर तिचा बाप गेल्ता त्याच दिवशी आईबी गेली असती. म्हणलं, भाऊ गेला तर चालतंय."

मी त्याच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या.

"पर चालंना गेलंय, आई," तो म्हणाला. आणि दुकान उघडायला निघून गेला.

आप्पाकाकांना त्यानं चौथऱ्याला नाही म्हणायचं काय कारण सांगितलं, ते मी मागं लिहिलं नव्हतं. आता लिहिते. सगळ्यांदेखत म्हणाला, "ईशीनं अजून माती दिली न्हाई. ती तिच्या माणसाला घेऊन येईल, माती देईल, मंग बघू. तवर इथं सिमेंट पडणार न्हाई." मी तेव्हाच तुला हे कळवायला हवं होतं. पण कळवलं असतं तर तू विचारलं असतंस, मग त्या दिवशी तो थांबला का नाही, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. म्हणूनच नाही कळवलं.

माझ्यावर रागव. मनापासून रागव, कार्डं पाठवायची बंद केलीस तरी का ते मला कळेल. झाडांबद्दल विचारलं ते खोटं नव्हतं, भेगा खऱ्याच पडल्या होत्या. पण त्या निमित्तानं तुझं अक्षर घरात येत राहिलं, आणि ते माझ्या पोरावर दोष ठेवून येत होतं, हे मला रोज ठाऊक होतं. रोज त्याला पाणी घालताना बघत होते आणि जेवत होते.

आता एक मागणं आहे. या पत्राचं उत्तर मला लिहू नकोस. मंगेशला लिही. घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव, बसवंतराव किराणा, बाजारपेठ, म्हणजे पोस्टमन ते त्याच्याच हातात देईल. तुमच्या दोघांच्या मध्ये या वेळी माझा हात नको. काय लिहायचं ते तुझं तू ठरव. काही सुचलं नाही तर एवढंच लिही की पाणी घाल. तुझ्या हातचं आल्याशिवाय तो खिळ्यावरचा पाइप काढणार नाही, मी विनवून बघितलं.

परवापासून पारा अडतिसावर आहे. जलपिंपळी अजून हिरवी आहे, पण कडेला माती दिसायला लागलीय. जालन्याहून टपालाला चार दिवस लागतात. लवकर लिही, पोरी.

तुझी आई
उमादेवी